कायदा चांगलाच आहे हो, पण सही कोणाची घेतात ते बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात वाचकांच्या पानावर एका गृहस्थांचं पत्र आलं होतं. त्यात त्यांनी लिहिलं होतं की पुरुषसत्ता वगैरे जे काय म्हणतात ते बिहार-राजस्थानात असेल, गोव्यात नाही, कारण आमच्याकडे समान नागरी कायदा पोर्तुगीजांच्या वेळेपासून आहे आणि गोव्याची बाई कधी कोणाच्या धाकात नव्हतीच, तेव्हा हे मोर्चे-बिर्चे काढणाऱ्या बायकांनी आता दुसरं काहीतरी काम बघावं. वाचून आधी हसू आलं, मग राग आला, मग म्हटलं लिहूयाच. मी फोंड्याकडची. लग्नाच्या आधीपासून ते रिटायर होईपर्यंत वकिलांकडे टायपिंग केलं, आधी खटखट मशीनवर मग कॉम्प्युटरवर. लोकांच्या वाटण्या, मृत्युपत्रं, विक्रीखतं, हक्क सोडल्याचे डीड, हे सगळं ह्या बोटांखालून गेलंय, त्यामुळे ह्या समान कायद्याबद्दल दोन शब्द बोलायला माझी हरकत नसावी.

त्या गृहस्थांचं जे बरोबर आहे ते पहिलं मान्य करते. कायदा चांगला आहे, खरंच चांगला आहे. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा, आपल्याकडे १८७० पासून लागू, गोवा सुटला तरी तो तसाच ठेवला. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर लग्न झालं की नवरा-बायको दोघंही सगळ्या मालमत्तेचे अर्धे-अर्धे मालक, म्हणजे त्याच्या वाडवडिलांच्या भाटात (माडांच्या बागायतीत) ती अर्धी आणि तिच्या माहेरहून जे येईल त्यात तो अर्धा. नवऱ्याला घर विकायचं तर बायकोची सही पाहिजेच, ती नाही म्हणाली तर गिऱ्हाईक परत जातं. आई-बापांना सगळंच्या सगळं एका मुलाच्या नावे मृत्युपत्र करून देता येत नाही, अर्धा भाग मुलांसाठी राखीव असतो, आणि मुलं म्हणजे मुलगे-मुली सगळी सारखी. बाकी देशात बहुतेक ठिकाणी हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत भावाइतका हक्क मिळायला २००५ साल उजाडलं, आमच्याकडे तो पणजोबा-पणजीच्या वेळेपासून. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका निकालात गोव्याची पाठ थोपटली तेव्हा मलाही बरं वाटलं होतं. वारसाहक्काचा भाग नंतर आपल्या विधानसभेनं २०१२ च्या कायद्यात नव्यानं घेतला, तो २०१६ च्या शेवटी लागू झाला, त्यातही मुलगा-मुलगी भेद नाही.

आता त्याच जुन्या कायद्यात आणखी काय होतं तेही सांगायला पाहिजे ना. मालकी दोघांची पण कारभार नवऱ्याचा, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं, बायकोच्या स्वतःच्या मालमत्तेचासुद्धा. आणि हिंदूंच्या रूढींसाठी १८८० साली जी वेगळी संहिता काढली तिच्यात तर असं आहे की बायको २५ वर्षांची होईस्तो मूल झालं नाही, किंवा ३० वर्षांची झाली तरी मुलगा झाला नाही, तर तिच्या संमतीनं नवऱ्याला दुसरं लग्न करता येईल. मुली झाल्या त्या कशातच धरायच्या नाहीत! आता ते कोणी वापरत नाही, खरं आहे, पण मग समान समान म्हणून नाचताना हे पान उलटून का टाकायचं. ॲडव्होकेट अल्बर्टिना आल्मेदा ह्यांच्यासारख्या बायका कधीपासून हेच सांगतायत की गोव्याचा कायदा डोक्यावर घ्या पण त्यातल्या फटी पण बघा, त्यांचं म्हणणं कोण ऐकतो.

पण माझं खरं म्हणणं कायद्याच्या पुस्तकाबद्दल नाहीच आहे. पुस्तकात मुलीला जे दिलंय ते घरात कसं परत घेतात ते मी बघितलंय, आणि ते भांडून नाही घेत, गोडीगुलाबीनं घेतात.

होतं काय, बाप गेला की वर्ष-दोन वर्षांनी भाऊ वकिलाकडे येतो, "मॅडम, बहिणींच्या सह्या घ्यायच्या आहेत, कधी जमेल?" वारस म्हणून बहिणींची नावं घातल्याशिवाय पुढे काहीच हलत नाही, ती कायद्याची कृपा. मग तारीख ठरते. बहीण सावंतवाडीहून नाहीतर बेळगावहून आदल्या दिवशी येते, माहेरी मुक्काम, भावजय त्या दिवशी तिच्या आवडीचं करते, सकाळी भाऊ स्कूटरवर मागे बसवून ऑफिसात घेऊन येतो. साडी चांगली नेसलेली असते, कोणाच्या तरी साखरपुड्याला आल्यासारखी. ड्राफ्ट इंग्लिशमध्ये. आमच्याकडे वकील विचारायचे, वाचून दाखवू का, समजलं ना, तर ती बाई वकिलाकडे न बघता भावाकडे बघते. भाऊ म्हणतो, "अगं काही नाही, घराचे कागद क्लियर करायचे आहेत." मग ती विचारते, कुठं सही करू. मग सब-रजिस्ट्रारकडे जायचं, तिथे कॅमेऱ्यासमोर फोटो, मशीनवर बोट, एकदा उठलं नाही की परत, बोटांना चुना नाहीतर भांडी घासून घासून रेघाच राहिलेल्या नाहीत म्हणून पदराला पुसून परत. बाहेर आलं की भाऊ हॉटेलात बन्स आणि पातळ भाजी खाऊ घालतो, बसस्टँडवर सोडतो. संपलं. ज्या जमिनीला आज बाजारात कोटीच्या गोष्टी चालतात तिच्यातला हिस्सा गेला त्या सकाळी.

ह्यात जबरदस्ती कुठंय असं म्हणाल, तर नाहीच आहे. कोणी तिचा हात धरून सही करायला लावली नाही. तिला एवढंच माहीत असतं की सही नाही केली तर चवथीला कोणी बोलावणार नाही, मुलीच्या लग्नात मामा म्हणून कोणी उभा राहणार नाही, नवऱ्यानं उद्या घराबाहेर काढलं तर दार ठोठवायला दुसरं घर नाही. म्हणजे हिस्सा सोडून ती माहेर विकत घेते. आणि सगळ्यात जास्त कोण सांगतं सही कर म्हणून? आई. जी स्वतः अर्ध्या घराची मालकीण असते कायद्यानं, ती बाजूच्या खुर्चीवर बसून मुलीला म्हणते, "कर गे बाय, भावाकडे वाईटपणा नको." म्हणून मी म्हणते पुरुषसत्ता म्हणजे पुरुष वाईट असं नव्हे, कितीतरी भाऊ खरोखर बहिणीवर जीव टाकणारे होते, मी बघितलेत. पण सगळ्या घराला, बायकांसकट, हे असंच असतं असं वाटायला लागणं, आणि न वाटणारीला आगाऊ ठरवणं, ही ती व्यवस्था. तिला मारझोड लागत नाही.

आणखी एक गंमत ह्या कायद्याची, जी बाहेरच्यांना कळत नाही. अर्धी-अर्धी मालकी असल्यामुळे बहिणीला हिस्सा आला की तिच्या नवऱ्याचं नाव पण आपोआप येतं. म्हणून हक्क सोडायच्या डीडवर जावयाची पण सही घ्यावी लागते. भावांना भीती काय तर उद्या जावई भाटात येऊन उभा राहील, कुंपण घालीन म्हणेल. आणि ती भीती सगळीच खोटी पण नाही, कारण दुसऱ्या बाजूला असे नवरे पण मी बघितलेत जे बायकोला एक दिवस विचारत नाहीत तुला काय पाहिजे, पण सासरा गेल्याच्या तेराव्याला एक-चौदाचा, म्हणजे जमीन कोणाच्या नावावर आहे त्याचा, उतारा काढून आणतात. तिनं सही करायची की नाही ते नवरा आणि भाऊ दोघं मिळून ठरवतात, कधीकधी त्यांची पैशाची बोलणी पण होतात, आणि जिच्या नावानं हे सगळं चाललंय ती आतल्या खोलीत चहा करत असते. एकीनं मला सरळ विचारलं होतं, "बाई, हिस्सा माझा की आमच्या ह्यांचा?" काय सांगणार, कायद्यानं दोघांचा.

ह्या सगळ्यात एक म्हातारी मला कायमची आठवते, कुळागराकडची, अंगठेबहाद्दर नाही, चौथी शिकलेली. तिन्ही भाऊ बसलेले. वकिलांनी विचारलं वाचू का, तर म्हणाली वाचा, आणि कोकणीत सांगा. सगळं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "ह्यात माझी खोली कुठंय?" कोणाला कळेना. तर म्हणाली, जमीन घ्या, सुपारी घ्या, माका नाका, पण मागच्या सोप्याची खोली आणि न्हाणीघर मरेपर्यंत माझ्या हक्काचं असं लिहा, आणि विहिरीजवळचे चार माड. भावांची तोंडं बघण्यासारखी झाली. मोठा म्हणाला, "तुला कोण नको म्हणतो गे, घर तुझंच आहे." ती म्हणाली, "मग लिहायला काय जातं?" त्या दिवशी सही झाली नाही, कागद परत टाईप करावा लागला, तो मी केला आणि सांगायला हरकत नाही की तेवढा एक कागद मी फार मन लावून टाईप केला. पुढे भावजया तिच्याशी बोलेनाशा झाल्या असं कानावर आलं. पण खोली तिचीच राहिली आणि नारळ पण तिनं घेतले.

उलट पण बघितलंय. एक भाऊ आला होता, सर्व्हिसवाला, म्हणाला बहिणींची नावं ठेवूनच वाटणी करा, सारखी. वाड्यावर त्याला बायकोच्या मुठीतला म्हणायला लागले. आता बहिणींना हिस्सा दिला त्यात बायकोचा काय संबंध, उलट बायकोचं नुकसानच झालं की नाही, पण पुरुषानं असं काही केलं की कोणत्यातरी बाईनंच त्याचं डोकं फिरवलेलं असणार असा आपला हिशोब असतो.

घराबाहेर पडून गावात बघा. कोमुनिदादचं, म्हणजे गावाच्या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचं, गांवकरपण बापाकडून मुलाकडे जातं, वर्षाची झोण (उत्पन्नातला वाटा) मुलगा मोठा झाला की त्याला, मुलगी गावातलीच असली तरी तिला नाही. देवस्थानं घ्या, बहुतेक ठिकाणी महाजन, म्हणजे देवळाचा कारभार बघणारे, हे पुरुष वंशजच, बायका देवळाचं सारवण, फुलं, समयांना तेल, नैवेद्याचं सगळं करतील पण महाजनांच्या मिटिंगला त्यांचा आवाज नाही. शेतात रोपणीला कंबर मोडेस्तोवर वाकतात त्या बायका, आणि सर्व्हेच्या वेळी जो बाप्या दारात उभा होता त्याचं नाव रकान्यात लागलं ते लागलं. ज्यांना वाटतं मी वाढवून सांगते त्यांनी आपापल्या वाड्यावरचे दहा एक-चौदा काढून बघावे आणि बायकांची नावं मोजावी. इन्कम टॅक्सचा तर वेगळाच प्रकार, आमच्या ह्या कायद्यामुळे घरभाड्याचं वगैरे उत्पन्न नवरा-बायकोत अर्धं-अर्धं धरतात, त्यामुळे कितीतरी बायकांच्या रिटर्नमध्ये अशी रक्कम दिसते जी त्यांनी डोळ्यांनी बघितलेली नसते. कर भरायला मालकीण! आणि सरकार गृहिणींना गृहआधार योजनेचे महिन्याला १५०० रुपये देतं तेव्हा मात्र ते तिच्या खात्यात येतात, त्या पैशांचं बायकांना काय अप्रूप असतं ते बँकेत लाइनीत उभं राहिलं की कळतं. हसू नका त्यांना.

राजकारणाचं थोडक्यात. १९७३ मध्ये शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या, १९७९ पर्यंत होत्या, कूळ कायद्याची ती मोठी दुरुस्ती १९७६ मध्ये त्यांच्याच वेळी झाली. त्यांच्यानंतर आजपर्यंत गोव्याला दुसरी बाई मुख्यमंत्री मिळाली नाही. २०२२ च्या निवडणुकीत ४० पैकी ३ बायका निवडून आल्या, आणि तिघींचेही नवरे त्याच विधानसभेत आमदार. त्यांच्या कामाबद्दल मला काही म्हणायचं नाही, त्या आपापल्या परीनं करत असतील, पण ज्या बाईचा नवरा किंवा बाप आधीच पुढारी नाही तिला पार्टी तिकीट देत नाही हे तर उघड आहे ना. पंचायतीत ३३ टक्के राखीव जागा आहेत त्यामुळे तिथे बायका दिसतात, पण ग्रामसभेत सरपंचबाईच्या बाजूच्या खुर्चीवर बसून उत्तरं कोण देतो हे ग्रामसभेला जाणाऱ्यांना सांगायला नको.

आता त्या मोर्चेवाल्या बायकांकडे येते, कारण मला सगळ्यात जास्त तेच लागलं. पत्रात असा सूर होता की हे सगळं बाहेरचं फॅड आहे, आपल्या संस्कृतीत नव्हतं. अहो, आपल्याच मातीत केवढं झालंय. आमच्या फोंड्याच्या देवळांच्या आजूबाजूला कलावंतांची, म्हणजे देवळात गाण्या-नाचण्याची सेवा करणाऱ्यांची, घरं होती, तिथे मुलीचा शेंस व्हायचा, म्हणजे मुलीलाच नवऱ्याचा वेष देऊन हातात कट्यार द्यायची आणि तिच्याशी दुसऱ्या मुलीचं लग्न लावायचं, मग ती देवाची, म्हणजे खरं तर देवळाभोवतीच्या मोठ्या लोकांची. ह्याच्याविरुद्ध उभे राहिले ते त्याच समाजातले लोक. राजाराम पैंगीणकरांनी विसाव्या शतकाच्या सुरवातीला गावोगाव जाऊन शेंस बंद करा, मुलींना शिकवा म्हणून सांगितलं, शिव्या खाल्ल्या, ज्यांची सोय मोडत होती त्यांनी त्रास दिला. त्यातूनच गोमंतक मराठा समाज उभा राहिला. आणि ह्याच समाजातल्या केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई, दोघींनाही पुढे पद्मभूषण मिळालं. त्यांच्या गाण्याच्या गप्पा आम्ही अभिमानानं मारतो पण कोणत्या परिस्थितीतून वर आल्या ते बोलायचं झालं की आवाज खाली येतो, का ते मला कधी कळलेलं नाही. मला एक वाटतं, कोणाला पटो न पटो, की त्या सुधारणेत मुलींना लग्नाचा मान मिळाला हे फार मोठं झालं, पण आईच्या नावावर चालणारी जी घरं होती ती पण त्याच वेळी बापाच्या नावावर गेली. जिंकताना पण थोडं हातचं गेलंच. असो, तो वेगळा विषय.

स्वातंत्र्यलढ्यातल्या बायका घ्या. १९४६ मध्ये लोहियांना पकडल्यानंतर मडगावला वत्सला कीर्तनी बंदी मोडून उभ्या राहिल्या आणि त्यांना धरल्यावर बायकांचा घोळका पोलीस स्टेशनवर गेला. १९५५ मध्ये म्हापशाला सुधाताई जोशी ह्यांना अटक झाली, त्या नॅशनल काँग्रेस गोवाच्या अध्यक्ष होत्या. लिबिया लोबो सरदेसाई १९५५ पासून गोवा सुटेपर्यंत जंगलात राहून छुपं रेडिओ स्टेशन चालवत होत्या, साप-पाऊस-थंडी सगळ्यात, आणि १९६१ च्या डिसेंबरात गोवा मोकळा झाल्याचं विमानातून सांगणाऱ्या पण त्याच. त्यांना पद्मश्री मिळाली २०२५ मध्ये, शंभरी गाठल्यावर. ह्या बायका काय फक्त पोर्तुगीजांशी लढल्या असं वाटतं? त्या काळात घराण्यातली मुलगी रात्री घराबाहेर राहते, तुरुंगात जाते, परपुरुषांबरोबर जंगलात काम करते, म्हणजे पोर्तुगीजांच्या आधी त्यांनी घराचा उंबरठा जिंकलेला असणार. पोर्तुगीजांशी लढल्याबद्दल सत्कार होतो, उंबऱ्याशी लढल्याबद्दल कोण हार घालतो.

आणि बायलांचो साद ही बायकांची संघटना. ऐंशीच्या दशकापासून ह्या बायका काम करतायत, सबिना मार्टिन्स आणि इतर, मारहाण झालेल्या बाईबरोबर पोलीस स्टेशनात जाऊन बसायचं, तक्रार घेत नाही म्हटलं की घेईपर्यंत उठायचं नाही, टुरिझमच्या जाहिरातीत गोव्याची बाई म्हणजे दारू-समुद्राबरोबर मिळणारी वस्तू असल्यासारखी दाखवली की रस्त्यावर यायचं. मला त्यांच्या सगळ्याच गोष्टी पटतात असं नाही, पण आमच्याकडे केस घेऊन आलेल्या बायकांपैकी कितीतरींना कागद काढा, घाबरू नका असं पहिलं सांगितलेलं असायचं ते अशाच कोणत्यातरी संघटनेच्या बाईनं, घरच्यांनी नव्हे. राज्य महिला आयोगाचा कायदा १९९६ मध्ये आला तो पण कोणी झोपेतून उठून केला नाही, मागणाऱ्या होत्या म्हणून आला. आणि ह्या बायका बदनाम किती. घर फोडणाऱ्या, नवरा टाकलेल्या, ख्रिश्चनांच्या, डाव्यांच्या, जे सुचेल ते. मजा म्हणजे ज्यांनी दिवसभर त्यांना नावं ठेवलेली असतात तेच स्वतःच्या मुलीला सासरी त्रास झाला की हळूच फोन नंबर विचारत येतात, मी स्वतः दिलेत नंबर.

सहीचाच आणखी एक प्रकार राहिला. आपल्याकडे लग्नाच्या दोन सह्या असतात, पहिली सही म्हणजे आम्ही लग्न करणार असं रजिस्ट्रारकडे सांगणं, आणि ठरलेल्या मुदतीनंतर दुसरी सही म्हणजे लग्न पक्कं. पुष्कळ पोरी समजतात पहिली झाली की झालं, मग देवळात माळ घालतात, हॉल, जेवण, अल्बम, सगळं होतं आणि दुसरी सही राहून जाते, कधी विसरून, कधी मुलाकडच्यांनी मुद्दाम ढकलून. दोन-चार वर्षांनी भांडण झालं की तो म्हणतो कुठलं लग्न, दाखव सर्टिफिकेट. आणि तेव्हा तो अर्ध्या-अर्ध्या मालकीचा जगप्रसिद्ध कायदा तिच्यासाठी कपाटात बंद. मूल कडेवर घेऊन रडणाऱ्या अशा पोरी ऑफिसात आल्या आहेत, शिकलेल्या, ग्रॅज्युएट. गोव्यात बायकांची साक्षरता २०११ च्या जनगणनेत ८४ टक्क्यांवर होती, तरी हे कोणी शाळेत शिकवत नाही. शाळेत आम्ही अजून मुलींना रांगोळी स्पर्धेला उभं करतोय. त्याच जनगणनेत शून्य ते सहा वयाच्या १००० मुलग्यांमागे मुली होत्या ९४२. साक्षर, सुधारलेल्या, समान कायद्याच्या गोव्यात. बाकीच्या मुली कुठं गेल्या ते त्या पत्रलेखकांनी सांगावं.

कोणी म्हणेल एवढंच आहे तर बायका सही का करतात, नाही म्हणावं. म्हणायला सोपं आहे. शेजारच्या महाराष्ट्रात कोल्हापूर जिल्ह्यात हेरवाड गावानं २०२२ मध्ये ग्रामपंचायतीत ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, आणि मग महाराष्ट्र सरकारनं सगळीकडे परिपत्रक काढलं. त्या गावात त्याआधी कोणाला वाईट वाटत नव्हतं असं आहे का? वाटत असणारच, पण एकटी बाई त्या दिवशी, प्रेत दारात असताना, नाही म्हणू शकत नाही. गावानं आधी ठरवून ठेवलं तर तिला म्हणावंच लागत नाही. सहीचं पण तसंच काहीतरी करायला पाहिजे, सगळा भार त्या एकटीच्या हिमतीवर टाकून चालणार नाही.

म्हणून माझ्या मागण्या सांगते, फार मोठ्या नाहीत. हक्क सोडायचा डीड करताना नोटरीनं त्या बाईला भाऊ आणि नवरा दोघांनाही बाहेर बसवून एकटीला विचारावं, कोकणीत नाहीतर मराठीत, की बाई तुझा हिस्सा इतका आहे, अंदाजे किंमत इतकी आहे, तू तो सोडतेस, कळलं का. पाच मिनिटं लागतील. कागदाची एक प्रत तिच्या भाषेत तिच्या हातात द्यावी. सही आणि नोंदणी ह्यांच्यामध्ये थोडे दिवस जाऊ द्यावेत, लग्नाच्या दोन सह्यांमध्ये चालतात तर इथे का नको. दुसऱ्या सहीची तारीख मुलीच्या स्वतःच्या मोबाईलवर मेसेज करून कळवावी, आईबापांच्या नव्हे. देवस्थानांच्या आणि कोमुनिदादच्या नियमात मुलींना घ्या ही मागणी पण आहेच, पण ती मी हयात असताना होईल असं वाटत नाही, तेव्हा निदान नोटरीची पाच मिनिटं तरी द्या. आणि आपल्या पेपरात वारसांच्या ज्या जाहीर नोटिसा येतात, बारीक टायपात, इंग्लिशमध्ये, त्या वाचून कोणत्या बाईला कळतं की ह्यात माझं नाव आहे की नाही? त्या मराठीत छापायची काही सोय होत असेल तर बघा, ते तर तुमच्याच हातात आहे.

त्या पत्रलेखकांना बहिणी आहेत की नाहीत मला माहीत नाही. असतील तर त्यांनी आधी घरचा एक-चौदा बघावा आणि मग वाटलं तर माझ्या पत्राला खुशाल उत्तर द्यावं, मी वाचीन.

पत्र लांबलंय मला कळतंय, जागा नसेल तर काटछाट करा, विधानसभेचा भाग काढलात तरी चालेल, सह्यांचा काढू नका.

आपली,
एक वाचक, फोंडा तालुका
(नाव आपल्या माहितीसाठी वेगळं दिलंय, छापू नये, माझ्या भावांना पण आपलाच पेपर येतो.)